भाड्याचा लॅपटॉप घेताय? आधी त्याच्या आत काय बसवलंय ते बघा

सांगलीत नव्याने आलेल्या, खोली करून राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच भाड्याने लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर घेणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहिते आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून विश्रामबागेत शिकायला येणारी मुलं-मुली, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरणारे, रिटर्नच्या हंगामापुरतं एखादं जादा मशीन लागणारी छोटी कार्यालयं, आणि माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या बायका. मी एका कर सल्लागारांचं जीएसटी आणि आयकराचं काम घरी बसून करते. २०१९ च्या महापुरात आमच्या गावभागातल्या घरातला कॉम्प्युटर पाण्यात गेला. तेव्हापासून हंगामात भाड्याचं मशीन आणणं हाच माझा रिवाज आहे.

अशाच एका मशीनमध्ये मला एक छुपा प्रोग्रॅम सापडला. त्यानंतर काय करायचं, कोणाकडे जायचं हे सांगणारं एका जागी काहीच मिळालं नाही. पोलीस, ग्राहक आयोग, दुरुस्तीवाले, वकील असं सगळीकडे विचारत जे कळलं ते इथे क्रमाने मांडते.

हे खरंच घडतं का?

घडतं, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. अमेरिकेत हप्त्यावर कॉम्प्युटर देणारी दुकानं असतात. महिन्याचं भाडं भरत राहायचं आणि शेवटी मशीन आपलं होतं. या दुकानांना 'डिझायनरवेअर' नावाची कंपनी 'पीसी रेंटल एजंट' हे सॉफ्टवेअर पुरवत होती. हप्ता थकला की मशीन लांबूनच बंद पाडता यावं, चोरीला गेलं तर शोधता यावं, हा त्याचा उघड उद्देश. पण त्यात 'डिटेक्टिव्ह मोड' नावाचा एक भाग होता. तो चालू केला की समोरचा माणूस कीबोर्डवर काय टाइप करतो, स्क्रीनवर काय दिसतं, सगळं परस्पर नोंदलं जाई, आणि वेबकॅममधून फोटोही निघत. सॉफ्टवेअर नोंदणीची खोटी खिडकी दाखवून लोकांकडून त्यांचा पत्ता आणि फोन नंबरही काढून घेतला जाई. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१२ मध्ये ही कंपनी आणि ७ भाडे-दुकान कंपन्यांवर कारवाई जाहीर केली. तेव्हा हे सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे ४,२०,००० कॉम्प्युटरवर बसवलेलं होतं. टिपलेल्या गोष्टींत बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड होते, वैद्यकीय कागद होते, घरातल्या लहान मुलांचे आणि अर्धवट कपड्यातल्या माणसांचे फोटो होते.

आपल्याकडे यासाठी एवढं खास सॉफ्टवेअरही लागत नाही. लांबून मशीन चालवण्याचे नेहमीचे प्रोग्रॅम, म्हणजे एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, दुरुस्तीच्या सोयीसाठी कितीतरी दुकानदार टाकून ठेवतात. त्यात परवानगी न विचारता जोडता येणारा कायमचा पासवर्ड लावून ठेवला की झालं.

दुकानदाराची भीतीही खरी आहे, हे मी मान्य करते. लोक मशीन घेऊन गाव सोडतात, भाडं बुडवतात. मशीन कुठे आहे हे कळण्याची सोय त्याने ठेवली आणि तसं तोंडावर सांगून कागदावर लिहिलं, तर माझी तक्रार नाही. मशीन त्याचं आहे. पण त्यावर मी जे टाइप करते आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर माझं जे घर दिसतं, ते त्याचं नाही. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू आणि कागद

- मास्क्ड आधार. यात शेवटचे ४ अंकच दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतं.
- झेरॉक्सवर आडवं लिहायला पेन: 'फक्त लॅपटॉप भाड्यासाठी', तारीख, सही.
- कमीत कमी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह. फाइली ठेवायला दुसरा, वेगळा.
- कॅमेरा चालणारा मोबाइल. स्वतःचा नेटपॅक असलेला.
- कॅमेऱ्यावर लावायला अपारदर्शक चिकटपट्टी.
- कराराचा कागद, दोन प्रतींत. नमुना खाली दिला आहे.

मूळ आधार, मूळ गुणपत्रिका किंवा सही केलेला कोरा चेक अनामत म्हणून कधीही ठेवू नका. "सगळेच ठेवतात" असं सांगितलं तरी नाही. अनामत रोख किंवा यूपीआयने द्या. यूपीआय बरं, त्याची नोंद राहते.

१. दुकानातच विचारायचे प्रश्न

कॉन्फिगरेशन, रॅम, बॅटरी हे सगळे विचारतातच. त्यानंतर न लाजता हे विचारा:

"यात ट्रॅकिंगचं किंवा रिमोटचं काही टाकलंय का?"
"ॲडमिन कोणाच्या नावाने आहे? पासवर्ड मला मिळणार का?"
"आधीच्या गिऱ्हाइकानंतर विंडोज नव्याने टाकलंय का?"
"माझ्यासमोर टाकून द्याल का?"

या चारांत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ॲडमिनचा. कॉम्प्युटरवर दोन प्रकारची खाती असतात. साधं खातं वापरणाऱ्याला प्रोग्रॅम काढता येत नाहीत, बरंच काही दिसतही नाही. ॲडमिन खातं ज्याच्याकडे, त्याला सगळं करता येतं. भाड्याच्या खोलीची दुसरी किल्ली घरमालकाने स्वतःकडे ठेवावी तसंच हे. आणि इथे तो येऊन गेला तरी कडी वाजत नाही.

दुकानदार समोर बसून विंडोज नव्याने टाकून द्यायला तयार असेल तर तासभर थांबा आणि ते करूनच घ्या. थोडे जादा पैसे मागितले तरी द्या. एक गोष्ट मात्र बघा. मायक्रोसॉफ्टच्या मूळ फाइलवरून टाकतोय, की दुकानात आधीच तयार करून ठेवलेली प्रत उतरवतोय? तयार प्रतीत त्याचे नेहमीचे सगळे प्रोग्रॅम आधीच भरलेले असतात. "फॉरमॅट मारून दिलाय" या शब्दाला म्हणूनच फारसा अर्थ नाही. कशावरून मारला, ते महत्त्वाचं.

मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप सध्या भाड्याच्या बाजारात भरपूर येतात. त्यातल्या काहींची नोंद अजून जुन्या कंपनीच्या नावावरच असते. नव्याने विंडोज टाकताना इंटरनेट जोडलं की एखाद्या अनोळखी कंपनीचं नाव आणि 'साइन इन करा' अशी पाटी आली, तर ते मशीन घेऊ नका. काही मशीनमध्ये चोरी शोधण्याची सोय बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्येच असते. ती चालू केलेली असेल तर फॉरमॅटनंतरही परत उभी राहते.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अजून तेच चालवणारं मशीन मिळत असेल तर विंडोज ११ मागा.

२. कागदावर काय लिहून घ्यायचं

स्टॅम्प पेपर नसला तरी चालेल. साध्या कागदावर दोघांच्या सह्या आणि दुकानाचा शिक्का असला तरी पुढे फार उपयोग होतो. मी आता हा मजकूर स्वतःच लिहून नेते:

'सदर लॅपटॉप, कंपनी ____, सिरियल क्रमांक ____, दिनांक ____ पासून भाड्याने दिला आहे. यामध्ये स्क्रीन, कीबोर्ड, कॅमेरा, माइक किंवा फाइली यांची नोंद घेणारे किंवा दुरून नियंत्रण करणारे कोणतेही सॉफ्टवेअर नाही. असल्यास त्याचे नाव व काम: ____. दुरुस्तीसाठी दुरून जोडायचे झाल्यास प्रत्येक वेळी ग्राहकाची आधी परवानगी घेतली जाईल. मशीन सुस्थितीत परत केल्यावर अनामत रु. ____ पूर्ण परत केली जाईल.'

बहुतेक दुकानदार वाचतात, थोडे हसतात आणि सही करतात. जो करत नाही, तो का करत नाही याचा विचार तुम्ही तिथेच उभ्या उभ्या करा. सांगलीत दुकानं पुष्कळ आहेत.

उलटी काळजीही घ्या. दुकानाच्या छापील पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'मशीनच्या सुरक्षेसाठी आवश्यक ती देखरेख करण्याचा हक्क राखून' असं काही असेल, तर त्या ओळीवर काट मारून दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर उद्या तीच तुमची संमती म्हणून दाखवली जाईल.

३. घरी आणल्यावर पहिला तास

या तासात कुठेही लॉगिन करू नका. ना जीमेल, ना व्हॉट्सॲप, ना बँक. आधी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा. पट्टीने माइक बंद होत नाही, हे लक्षात ठेवा.

टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर मागची बाजू बघा. कीबोर्डची वायर थेट यूएसबीत जाते, की मध्ये बोटाच्या पेराएवढा एखादा जोड आहे? तसा जोड कीलॉगर, म्हणजे टाइप केलेलं प्रत्येक अक्षर नोंदवून ठेवणारं उपकरण असू शकतो. तो कोणत्याही सॉफ्टवेअर तपासणीत सापडत नाही, डोळ्यांनीच दिसतो. वेबकॅम वेगळा असेल तर काढून ठेवा.

आता मशीन चालू करा आणि या क्रमाने जा. प्रत्येक पडद्याचा फोटो मोबाइलने काढा.

खातं: सेटिंग्ज → अकाउंट्स. नावाखाली 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहिलंय का? 'अदर यूजर्स' मध्ये आणखी कोणी आहे का? 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' मध्ये एखादी संस्था जोडलेली दिसली, तर ती संस्था मशीनवर हुकूम चालवू शकते.

प्रोग्रॅमची यादी: सेटिंग्ज → ॲप्स → इन्स्टॉल्ड ॲप्स. तारखेप्रमाणे लावून घ्या. भाड्याने देण्याच्या आदल्या दोन-चार दिवसांत काय टाकलंय ते आधी बघा. रिमोटचे प्रोग्रॅम इथे उघड दिसतात. छुपे दिसतीलच असं नाही, म्हणून पुढची पायरी.

आपोआप सुरू होणारे: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप ॲप्स'. ज्याच्या पुढे पब्लिशरचं नाव नाही, किंवा नाव 'सिस्टिम अपडेट', 'हेल्पर' असं मोघम आहे, त्यावर उजवी क्लिक करून फाइल कुठे आहे ते बघा. सी ड्राइव्हवरच्या कुठल्यातरी आडबाजूच्या फोल्डरमधून चालणारा 'विंडोज सर्व्हिस' संशयास्पदच.

कॅमेरा आणि माइक: सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → कॅमेरा. सगळ्यात खाली डेस्कटॉप ॲप्सची यादी असते आणि प्रत्येकापुढे कॅमेरा शेवटचा कधी वापरला ती वेळ. माइकसाठीही तशीच यादी आहे. मला जे सापडलं ते इथेच. मशीन आणून काही दिवस झाले होते. कधीच न उघडलेल्या एका प्रोग्रॅमसमोर आदल्या रात्री ९ च्या सुमाराची वेळ होती. त्या वेळी लॅपटॉप हॉलमध्ये टेबलावर उघडा होता आणि आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. कॅमेऱ्यावर पट्टी होती म्हणून कोणाच्या हाती काही लागलं नाही. पण माइकच्या यादीतही तेच नाव होतं. ती यादी बघून अंगावर जो काटा आला तो अजून आठवतो. म्हणून सांगते, ही यादी पहिल्या दिवशी बघाच, आणि नंतरही आठवड्यातून एकदा बघा.

अँटिव्हायरसने कशाकडे डोळेझाक केली आहे: विंडोज सिक्युरिटी → व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन → मॅनेज सेटिंग्ज → एक्सक्लूजन्स. इथे ज्या फोल्डरचं नाव असतं ते अँटिव्हायरस तपासतच नाही. छुपा प्रोग्रॅम पकडला जाऊ नये म्हणून हीच जागा वापरतात. बघायला ॲडमिन पासवर्ड लागतो. तो नसेल तर दुकानदारासमोरच उघडायला लावा.

ऑफलाइन स्कॅन: त्याच ठिकाणी 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' आहे. मशीन बंद होऊन परत सुरू होतं आणि विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते. साधारण पाव तास लागतो. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही म्हणजे मशीन स्वच्छ, असं धरू नका. एनीडेस्कसारखे प्रोग्रॅम कायदेशीर असतात, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना हरकत घेत नाही.

ब्राउझर: क्रोमच्या मेन्यूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसतं का? एक्स्टेन्शनच्या यादीत अनोळखी काही आहे का? काही अँटिव्हायरसमुळेही ती ओळ येते, तेव्हा लगेच घाबरू नका, विचारा.

एनीडेस्क किंवा तत्सम काही सापडलं तर त्याच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये 'अनअटेंडेड ॲक्सेस' चालू आहे का ते बघा. बंद असेल तर कोणी जोडू पाहताच तुम्हाला विचारलं जातं. चालू असेल तर पासवर्ड असलेला माणूस न विचारता आत येतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

४. संशय कमी असो वा जास्त, वापरायचं कसं

सगळ्यात खात्रीचा उपाय: भाड्याच्या मशीनवरचं विंडोज वापरायचंच नाही. पेनड्राइव्हवर उबंटू ही मोफत प्रणाली टाकून घ्या. ओळखीच्या कॉम्प्युटरवर ती अर्ध्या तासात तयार होते. मशीन सुरू करताना डेल किंवा लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा आणि 'ट्राय उबंटू' ने आत जा. मशीनच्या डिस्कवरचे प्रोग्रॅम तेव्हा सुरूच होत नाहीत. फॉर्म भरणं, मेल, पीडीएफ, टायपिंग एवढं त्यात आरामात होतं. अकाउंटिंगच्या कामाला विंडोज लागतंच, त्यामुळे माझी तरी यातून पूर्ण सुटका नाही. पण विद्यार्थ्यांनी हे जरूर करावं. कीबोर्डच्या जोडातला कीलॉगर मात्र यानेही टळत नाही. आणि दुकानदाराने बायोसला पासवर्ड लावलेला असेल तर पेनड्राइव्हवरून सुरू करण्याची परवानगी आधीच घ्या.

विंडोजच वापरायचं असेल तर:

बँक आणि यूपीआय मोबाइलवरच. महाडीबीटी, सीईटी, एमपीएससी यांचे फॉर्म भाड्याच्या मशीनवर भरावे लागले, तर त्या खात्यांचे पासवर्ड मेलच्या पासवर्डपेक्षा वेगळे ठेवा आणि मशीन परत केल्यावर बदला. मेलला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्ड कळला तरी मोबाइलवरच्या मंजुरीशिवाय कोणी आत जाणार नाही. ब्राउझरने 'पासवर्ड जपून ठेवू का' विचारलं की नाही म्हणा.

इन्कॉग्निटो खिडकीवर विसंबू नका. ती फक्त त्या ब्राउझरची हिस्टरी ठेवत नाही. कीबोर्डची नोंद घेणाऱ्या प्रोग्रॅमला इन्कॉग्निटो आणि साधी खिडकी सारखीच.

कर सल्लागारांकडे काम करणाऱ्यांनो, डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं यूएसबीत लावायचं असतं ते) सही होताक्षणी काढून घ्या. पिन टाइप करताना टिपला गेला आणि टोकन यूएसबीत तसंच राहिलं, तर लांबून जोडलेला माणूस अशिलाच्या नावाने सही मारू शकतो. आपल्या भरवशावर लोक पॅन, बँक स्टेटमेंट, विक्रीची बिलं देतात. ती सगळी जबाबदारी आपल्यावर असते, म्हणून ती कागदपत्रं मशीनच्या डिस्कवर नकोत, स्वतःच्या पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा.

काम संपलं की मशीन पूर्ण बंद करा आणि झाकण मिटा. झोपायच्या खोलीत उघडं ठेवू नका. घरात मुली-मुलं असतील तर दुप्पट काळजी.

आणखी एक खाचखळगा: डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क कुलूपबंद करण्याची सोय चालू असेल, तर ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की सहसा ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन तयार केलं त्याच्या खात्यात जाते. दुकानदाराचं खातं असेल तर तुमची डिस्क कुलपात असूनही किल्ली त्याच्याकडेच असते.

५. काही सापडलं तर

पहिली ऊर्मी तो प्रोग्रॅम उडवून टाकायची असते. टाकू नका. उडवलात की पुरावा गेला. शिवाय काही प्रोग्रॅम काढताक्षणी मालकाला कळवतात.

आधी इंटरनेट तोडा, वायफाय बंद करा. मग मोबाइलने फोटो काढा: प्रोग्रॅमचं नाव, फोल्डर, टाकल्याची तारीख, कॅमेरा-माइकच्या यादीतली वेळ, आणि मशीनच्या खालचा सिरियल क्रमांक. स्क्रीनशॉट काढू नका, तो त्याच मशीनवर राहतो. एखादा आवाजी व्हिडिओ काढून त्यात तारीख-वेळ बोला. फोटो दुसऱ्या विश्वासू माणसाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. मग मशीन बंद करून बाजूला ठेवा.

त्यानंतर दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदला, मेलचा सगळ्यात आधी. गुगल खात्यात 'युवर डिव्हाइसेस' मध्ये जाऊन ते मशीन साइन आउट करा. व्हॉट्सॲपवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' मधून काढा.

दुकानदाराशी बोलताना फोनवर भांडू नका. व्हॉट्सॲपवर साधा, सभ्य प्रश्न लिहा: 'या मशीनमध्ये अमुक नावाचा प्रोग्रॅम आहे, तो कशासाठी आहे?' मला उत्तर आलं, "ताई, ते सगळ्याच मशीनवर असतं, सेफ्टीसाठी टाकतो आपण." या एका ओळीने प्रोग्रॅम त्यांनीच टाकला हे लेखी मिळालं, आणि सगळ्याच मशीनवर असतो हेही. नंतर अनामतीतून पैसे कापायची भाषा सुरू झाली, तेव्हा तीच ओळ कामाला आली. लेखी अर्जानंतर पूर्ण अनामत परत मिळाली.

६. तक्रार कुठे आणि कशाखाली

१९३० हा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच तिथे फोन करा. पैसे गेले नसतील, पाळत ठेवल्याचा प्रकार असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. किंवा थेट सांगली जिल्हा पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. कोणत्याही ठाण्यात गेलात तरी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. चौकीवर "आमच्याकडे नाही" म्हणाले तर निरीक्षकांनाच भेटा.

कायद्याचा एक पेच समजून घ्या, कारण दुकानदार तो नक्की वापरतो: "मशीन माझं आहे, माझ्या मशीनमध्ये मी काहीही टाकेन." माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, डेटा काढणं याबद्दल आहे, आणि त्यात परवानगी 'मालकाची किंवा कॉम्प्युटर ज्याच्या ताब्यात आहे त्याची' असं म्हटलं आहे. भाड्याच्या काळात ताबा तुमचा, हे सांगायला ती भाड्याची पावती लागते. अप्रामाणिकपणे हे केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बाकीची कलमं मालकीचा प्रश्नच विचारत नाहीत. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर ६६-सी. संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्र टिपलं तर ६६-ई, इथे मशीन कोणाचं याला काही किंमत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीला खासगी अवस्थेत चोरून बघणं किंवा चित्रित करणं कलम ७७ खाली येतं. आणि स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं कलम ७८ खाली, पाठलागाच्या गुन्ह्यात. बायकांनी अर्जात हे ७८ आवर्जून लिहावं. पुष्कळांना ते फक्त रस्त्यावरच्या पाठलागाचं कलम वाटतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात निकाल दिला आहे. अर्जाच्या शेवटी त्याचाही उल्लेख करा.

पोलीस मशीन पुराव्यासाठी ठेवून घेतील. तेव्हा पंचनाम्याची किंवा जप्तीची प्रत मागून घ्या. नाहीतर "माझा लॅपटॉप परत केला नाही" म्हणून दुकानदार उलट तुमच्याच नावाने ओरडेल. मोबाइलमधले फोटो मूळ फोनवर तसेच ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतात.

पोलिसांकडे जायचं नसेल, फक्त पैसे आणि भरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही सेवेतली त्रुटी मानली आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे सांगोल्याहून सांगलीला शिकायला आलेल्या मुलाला सोलापुरातही ती देता येईल. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि भाड्याची रक्कम त्यापेक्षा कितीतरी कमीच असते. वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, काही प्रकरणं तिथेच मिटतात.

७. मशीन परत करताना

सगळं ठीक असलं तरी हे करा. फाइली पेनड्राइव्हवर घ्या, ब्राउझरमधून साइन आउट करा, व्हॉट्सॲप वेब तोडा. मग दुकानदाराला सांगून सेटिंग्ज → सिस्टिम → रिकव्हरी → 'रीसेट धिस पीसी' मधून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा, आणि आतल्या 'चेंज सेटिंग्ज' मध्ये 'क्लीन डेटा' चालू करा. याला काही तास लागतात, म्हणून आदल्या रात्री लावून ठेवा. नुसतं रिसायकल बिन रिकामं केलं तर फाइली परत काढता येतात. मशीनवर पोलीस तक्रार केली असेल तर मात्र यातलं काहीही करू नका.

दुकानात मशीन चालू करून दाखवा, सिरियल क्रमांक जुळवा, 'सुस्थितीत परत मिळाले' असं लिहून सही घ्या. अनामत मिळाल्याशिवाय तुमची मूळ पावती देऊ नका, झेरॉक्स द्या. आधारची झेरॉक्स परत मागा. घरी येऊन पासवर्ड पुन्हा एकदा बदला. पावती, करार आणि व्हॉट्सॲपचं बोलणं मशीन परत केल्यानंतरही किमान दोन वर्षं जपून ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत तेवढी असते.